अठराशे पंचावन्न मीटरवरचं एकमत

"तुमचंच बरोबर होतं," मेंग लानफांग म्हणाली, आणि मागच्या रांगेत कुणाच्या तरी हातातून चहाचा थर्मास सुटला.

तो गडगडत भिंतीला जाऊन टेकेपर्यंत सभागृहात कुणी हललं नाही. मेंग लानफांग म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची लहरवाली. ट्रकने जमिनीला दणके द्यायचे, खालून परत येणारे प्रतिध्वनी टिपायचे आणि त्यावरून धरणीच्या पोटातल्या थरांचं चित्र काढायचं, हे तिचं काम. संस्थेत लागल्यापासून तिने कुणालाही 'तुझं बरोबर' म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आणि आज म्हणाली ती कुणाला? पहिल्या मजल्यावरच्या विहीरवाल्या लाओ थोंगला. स्वतःच्या घटस्फोटित नवऱ्याला!

वर 'तुमचं'. लग्नातसुद्धा तिने त्याला अहो-जाहो केलं नव्हतं. आणि घटस्फोटाच्या वेळी न्यायाधीशांसमोर त्याचा उल्लेख 'हे गाढव' असा केला होता.

सगळ्यात जास्त हादरला तो लाओ थोंगच. कारण तो नेमका हेच वाक्य बोलायला उभा राहिला होता.

"नाही," तो चाचरत म्हणाला. "तुमचंच बरोबर होतं, मेंग गोंग."

'गोंग' म्हणजे इंजिनियरबाई. संस्थेत सगळेच तिला तसं म्हणायचे. लाओ थोंगच्या तोंडून मात्र ते पहिल्यांदाच बाहेर पडलं आणि निघताना घशाला चांगलंच खरवडून गेलं.

भांडण जुनंच होतं, विहीर तेवढी नवी. गावाबाहेर, वेताच्या पाणथळीपलीकडे, माना तुकवणाऱ्या जुन्या पंपांच्या रांगेच्या टोकाला ती खोदून तयार होती. आता फक्त ठरवायचं होतं, तेल कुठल्या थरात आहे. ते ठरलं की पोलादी नळीत बंदूक सोडायची, बरोब्बर त्या खोलीवर नळीला भोकं पाडायची आणि काय येतं ते बघायचं. लाओ थोंगने विहिरीत तारेवर यंत्र सोडून दगडांची नाडी बघितली होती. जो दगड वीज अडवतो त्यात तेल, जो सुखाने जाऊ देतो त्यात पाणी, हा त्याचा साधा हिशेब. तो म्हणाला, अठराशे चाळीस मीटरवर. मेंग लानफांगच्या लहरी म्हणाल्या, अठराशे सत्तरवर.

मागच्या सभेत यावरून अख्खी इमारत गोळा झाली होती.

"तुझं सगळं ज्ञान वीतभर भोकातलं," ती म्हणाली होती. "भोकाच्या चार बोटं पलीकडे काय आहे ते तुला दिसत नाही."

"आणि तुझं सगळं हवेतलं. ट्रक नाचवायचा, धुरळा उडवायचा आणि भविष्य सांगायचं! माझा थर दोन मीटर जाडीचा आहे. तुझ्या लहरींना तो दिसणारच नाही, त्यांना हत्तीपेक्षा लहान काही दिसत नाही."

"तुला तरी कुठे दिसतं? आपल्याच मुलीच्या शाळेचा वर्ग तुला कधी सापडला नाही!"

तिथून पुढे विषय तेलाचा राहिला नव्हता.

त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीने, याओयाओने, बापाला डंपलिंगच्या दुकानात बोलावून घेतलं. बालवाडीतली बाई ती, समोरचा ऐकेल अशा आवाजात बोलायची.

"बाबा, दोन घरांची पहिली भेट आठवते?"

आठवत होती. माशाची थाळी येईपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग उपाहारगृहाचं तळघर किती खोल असेल यावरून लाओ थोंग आणि मेंग लानफांगची जुंपली. होणाऱ्या सासऱ्याला रक्तदाबाची गोळी घ्यावी लागली.

"लग्नाला मुख्य टेबलावर तुमची खुर्ची आहे," याओयाओ म्हणाली. "आजपासून लग्नापर्यंत आईवर एकदाही आवाज चढला, की खुर्ची गेली. तुमची एकट्याची नाही, जेवणावळच रद्द. आम्ही दोघं कचेरीत सह्या करू आणि निघून जाऊ."

"हे तिला सांगितलंस?"

"आईला सांगून उपयोग असता तर तुम्हाला कशाला सांगितलं असतं? आणि दारूही बंद. सिगारेटही. प्यायलात की तुमचा आवाज आपोआप वर जातो."

लाओ थोंगला एकच मुलगी. ती कचेरीत सह्या करतेय आणि आपण भिंतीपलीकडे, रस्त्यावर उभे आहोत, हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर आलं आणि त्याने उचललेलं पोर्क-कोबीचं डंपलिंग परत ताटात ठेवलं. त्याने त्याच दिवशी ठरवलं. तेल गेलं खड्ड्यात. अठराशे सत्तर तर अठराशे सत्तर.

म्हणून तो सभेत उभा राहिला होता. आणि ही बाई आधीच अठराशे चाळीस म्हणून बसली होती!

"मी माझे आलेख पुन्हा पाहिले," लाओ थोंग म्हणाला. "सत्तरचा थर मी पाण्याचा समजलो. चूक माझी. तुमचं सत्तरच खरं."

"छे छे. तुम्ही प्रत्यक्ष विहिरीत यंत्र सोडलंत. मी आपली वरून कान लावून बसलेली. चाळीसच."

"सत्तर."

"चाळीस म्हटलं ना. तुम्हाला त्रास नको."

"त्रास कसला? सत्तर!"

हे दृश्य सगळ्यांच्या ओळखीचं होतं. उपाहारगृहात जेवण झाल्यावर बिल कुणी द्यायचं यावरून दोन पाहुणे असेच झोंबतात, एकमेकांचे हात मागे ढकलतात, आणि कुणी हरायला तयार नसतो. फरक एवढाच, की इथे पैशांच्या जागी मीटर होते. शेवटी मेंग लानफांगने लाओ थोंगचा आलेख स्वतःच्या छातीशी धरला आणि लाओ थोंगने तिचं थरांचं चित्र. दोघं एकमेकांचा आकडा वाचवायला असे उभे राहिले, जशी काही आग लागली आहे आणि शेजाऱ्याचं बाळ वाचवायचं आहे.

संचालक पाओ यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन विभाग एक करा, लहरी आणि विहीर यांचा मेळ घाला, असा वरून हुकूम येऊन बरेच दिवस झाले होते, आणि आजवर मेळ म्हणून त्यांना फक्त मोडलेल्या खुर्च्या मिळाल्या होत्या.

"कॉम्रेड्स!" ते उठून म्हणाले. "याला म्हणतात एकोपा! आता दोघांचाही मान राखू या. चाळीस आणि सत्तर, मधोमध पंचावन्न. अठराशे पंचावन्न! एक विहीर, एक आकडा, एक मन!"

टाळ्या कडाडल्या.

लाओ थोंगच्या अंगावर काटा आला. पंचावन्न? पंचावन्नवरचा दगड त्याच्या आलेखावर असा लोळत होता जसा उन्हाळ्यात कुत्रा. वीज त्याच्यातून हसतखेळत आरपार जात होती. तिथे पाणी होतं. नुसतं पाणी नव्हे, पाण्याचा महापूर होता. त्याने तोंड उघडलं. मेंग लानफांगकडे बघितलं. तिनेही तोंड उघडलं होतं. आता ही ओरडणार, मग मी ओरडणार, मग खुर्ची जाणार.

त्याने तोंड मिटलं. तिनेही मिटलं.

'हिला पटलंय,' लाओ थोंगने मनाशी म्हटलं. 'म्हणजे लहरींना तिथे काहीतरी दिसत असेल.' आणि स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवून तो टाळ्या वाजवू लागला.

त्यानंतरचे दिवस मोठे विचित्र गेले, पण गोड. माणूस भांडायचं सोडतो तेव्हा जग त्याच्याशी किती चांगलं वागतं, हे लाओ थोंगला या वयात कळलं. कॅन्टीनची च्यू मावशी, जिने त्याला आजवर चिमूटभर जास्त मीठ दिलं नव्हतं, ती रोज डब्यातून कोंबडीचं सूप आणून ठेवू लागली. वर डोळ्यांना पदर लावल्यासारखा चेहरा करून बघत बसायची.

"संपव हं सगळं. जिनसेंग घातलंय."

"मावशी, एवढं कशाला?"

"खा रे बाबा. खाऊन घे."

संचालक पाओंनी त्याला स्वतःची गादीची खुर्ची दिली. लिफ्ट आली की लोक बाजूला व्हायचे. पत्त्यांच्या डावात त्याच्याविरुद्ध कुणी जिंकेना. एकदा तर त्याने मुद्दाम वाईट पान टाकलं, तरी समोरचा हरला आणि डोळे पुसत बाहेर गेला. टेबलावर सफरचंदांची रास लागली. मेंग लानफांग रोज संध्याकाळी जिन्यात थांबून विचारायची, "आज जेवण गेलं का?" तिने एवढ्या वर्षांत त्याला जेवणाबद्दल एकच प्रश्न विचारला होता, 'हे तू जाळलंस का?'

याओयाओने तर लग्नच अलीकडे आणलं. शरद ऋतूत ठरलेलं, ते एकदम वसंतावर.

"एवढी घाई?"

"हॉल मिळाला, बाबा," ती म्हणाली आणि त्याच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं. बटण लावायला तिला फार वेळ लागला.

लाओ थोंग खूश होता. फक्त आंघोळीच्या वेळी अठराशे पंचावन्नची आठवण यायची आणि नळाखाली तो थिजून जायचा.

चाचणीच्या दिवशी संचालक पाओंनी विहिरीवर लाल कापडी फलक लावला: 'दोन विद्या, एक विहीर'. वरचे दोन साहेब आले होते. सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. याओयाओ बालवाडीची पोरं घेऊन आली होती, गालांना लाली लावलेली, हातात खंजिऱ्या, तेल आलं की 'धरणीमाय काळं सोनं दे' असं काहीतरी गायला. फटाक्यांची माळ बांबूवर लटकत होती. पाणथळीवरून वारा येत होता आणि सगळे सूर्यफुलाच्या बिया फोडत उभे होते.

खाली बंदूक गेली. बार झाला तो वर नुसता पायांना कळला. मग काही वेळ काहीच नाही. मग नळीत गुरगुर. मग संचालक पाओंनी हात वर केला, कुणीतरी माळ पेटवली, फटाके तडतडले, पोरं नाचायला लागली, आणि पाइपच्या तोंडातून, मातीच्या बांधलेल्या खड्ड्यात, वाफाळणाऱ्या पाण्याचा जाडजूड लोट धो धो कोसळला.

स्वच्छ. ऊन ऊन. चहा टाकावा असं.

संचालक पाओंचा हात वरच राहिला. वाफेने वरच्या साहेबांचे चष्मे आंधळे झाले. फलकातल्या 'विहीर' शब्दाचा रंग ओघळून खाली गेला. पोरांना कुणी थांबवलं नव्हतं, ती 'काळं सोनं' गातच होती.

"पाणी," एक साहेब चष्मा पुसत म्हणाले.

"गरम पाणी," दुसऱ्याने दुरुस्ती केली.

च्यू मावशी खड्ड्याच्या दूरच्या, निवलेल्या कडेला गेली, बोट बुडवलं आणि सवयीने म्हणाली, "अगंबाई, अंग घासायला किती छान!"

लाओ थोंगच्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. "मला माहीत होतं!" तो इतक्या जोरात ओरडला, की खंजिऱ्या थांबल्या. "पंचावन्नवर पाणी आहे हे मला माहीत होतं! आंधळ्यालाही दिसलं असतं!"

मेंग लानफांग धावत आली आणि तिने त्याचा दंड धरला. "ओरडू नका हो. बसा. तब्येतीला झेपणार नाही."

"कुणाच्या तब्येतीला?"

च्यू मावशी आभाळाकडे बघू लागली. संचालक पाओ स्वतःच्या बुटांकडे. पत्त्यांच्या डावात हरलेला तो माणूस पुन्हा डोळे पुसू लागला.

लाओ थोंगने एकेकाकडे बघितलं. सूप. खुर्ची. लिफ्ट. सफरचंदं.

"मला काय झालंय?" त्याने हळूच विचारलं.

"काही नाही, काही नाही," सगळे एका सुरात म्हणाले. त्याने तो जास्तच घाबरला.

"मावशी! मला काय झालंय?"

"मी कशी सांगू?" च्यू मावशी रडवेली झाली. "पेशंटला कुणी सांगतं का तोंडावर? आम्ही काय रानटी आहोत? घरच्यांनी गप्प राहायचं, हसायचं, खाऊ घालायचं. माझ्या सासऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही, सुखाने गेला बिचारा."

"पण मला झालंय काय?"

"तेच तर कुणाला नक्की माहीत नाही! तू दारू सोडलीस. सिगारेट सोडलीस. बायकोशी गोड बोलायला लागलास. आणि सभेच्या आधीच फोटोवाल्याच्या दुकानात जाऊन भिंतीवर लावायला मोठा फोटो काढून घेतलास. एकट्याचा. काळा-पांढरा, गेलेल्या माणसाचा लावतात तसा! माझा भाचाच आहे तो फोटोवाला, तो घरी येऊन जेवला नाही त्या दिवशी."

"तो लग्नाच्या दारात लावायला होता!" लाओ थोंग किंचाळला. "वधूच्या आईबापांचे फोटो लावायचे म्हणाली याओयाओ!"

"काळा-पांढरा?" मेंग लानफांगने विचारलं.

"त्यात पोट कमी दिसतं!"

मेंग लानफांगने त्याचा दंड सोडला.

"म्हणजे तुला काही झालेलं नाही," ती म्हणाली. 'तुम्ही' संपलं होतं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग त्यावर रंग चढू लागला, गळ्यापासून वर. "मी रोज संध्याकाळी जिन्यात उभी राहत होते. त्या गार जिन्यात! गुडघे धरले माझे. आणि तू ठणठणीत?"

"एक मिनिट. चाळीस बरोबर म्हणालीस ते मी मरणार म्हणून?"

"मग काय, पटलं म्हणून?"

मरणार नाही हे कळल्याच्या आनंदापेक्षा हा घाव लाओ थोंगला जास्त खोल लागला. "आणि मला वाटलं, हिने आयुष्यात एकदा माझा आलेख नीट वाचला!"

"तू तरी सत्तर कशाला म्हणालास?"

"लग्नात खुर्ची मिळावी म्हणून! तुझ्यावर आवाज चढवला तर खुर्ची जाणार होती."

"म्हणजे माझं सत्तर तुला पटलंच नव्हतं! खोटारड्या! मी घरी जाऊन रडले होते, एवढ्या वर्षांनी याला लहरी कळल्या म्हणून!"

"आणि पंचावन्नला पाणी आहे हे तुला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं!"

"मग तोंड का मिटलंस?"

"तू का मिटलंस?"

"तू मिटलंस म्हणून!"

आता दोघं खड्ड्याच्या काठावर नाकाला नाक लावून उभे होते. लाओ थोंगचा आवाज पाणथळीपलीकडे जाऊन तिथली बदकं उडवून परत आला. आणि मग त्याला फलकाखाली याओयाओ दिसली. हातातली खंजिरी तिने खाली टाकली होती आणि ती चिखलातून थेट त्याच्याकडे येत होती.

गेली खुर्ची. भर सभेत गप्प बसलो, सगळं तेल पाण्यात घालवलं, एका खुर्चीसाठी; आणि तीही अशी गेली, वाफेत.

"याओयाओ, ऐक," तो हळू आवाजात म्हणाला. "मी ओरडलो नाही. वारा उलटा आहे."

ती आली आणि त्याच्या गळ्यात पडली. रडत होती, का हसत होती, पोरांनाही कळेना.

"ओरडा," ती म्हणाली. "बाबा, अजून ओरडा. तुम्ही ओरडताय म्हणजे तुम्ही बरे आहात. तुम्ही फार आजारी आहात असं आईने मला सांगितलं होतं. मी लग्न अलीकडे आणलं ते कशासाठी वाटलं तुम्हाला? तुम्ही आईशी गोड बोलायला लागलात तेव्हाच मला खात्री पटली, फार दिवस उरले नाहीत."

"पण गोड बोल असं तूच..."

"मला काय माहीत तुम्ही खरंच ऐकाल! आजवर कधी ऐकलंत?"

लाओ थोंगने तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग तिच्या आईकडे बघितलं. मेंग लानफांग रुमालाने चष्म्यावरची वाफ पुसत होती आणि तोंडाने पुटपुटत होती, "सत्तरच. सत्तरच होतं. पहिल्या दिवसापासून."

"चाळीस!" लाओ थोंग म्हणाला, आणि मुलीचे हात गळ्यात असतानाच त्याचा आवाज पूर्ण उंचीला गेला. किती दिवसांनी! छाती कशी मोकळी झाली.

संचालक पाओ कसेबसे पुढे झाले. अंगावरचा कोट भिजून दुप्पट जड झाला होता. "आता मी वर काय कळवू?" ते हात जोडून म्हणाले. "साहेब इथेच आहेत. एक म्हणतो चाळीस, एक म्हणते सत्तर. मला वाटतं, पुन्हा एकदा शांतपणे, मधला काहीतरी..."

"नाही!" दोघं एकदम ओरडले.

मधलं भोक सिमेंटने बुजवायला सांगितलं गेलं, पण सिमेंट येईपर्यंत ऊन पाणी वाहतच राहिलं. गावातून बायका टब, साबण, अंग घासायचे खरखरीत हातमोजे घेऊन आल्या, आणि च्यू मावशीने खड्ड्याशेजारी स्टूल टाकून उकडलेली अंडी विकली. संचालक पाओंनी वर कळवलं, की संस्थेने जनतेच्या आरोग्यासाठी उष्ण जलाचा स्रोत शोधला आहे. त्यांना प्रशस्ती आली.

मग दोन वेगळे बार झाले, कारण दोघांपैकी कुणी मागे हटेना. चाळीसला पहिल्याच फटक्यात तेल आलं, काळंभोर. लाओ थोंग दोन मजले चढून वर गेला आणि बोलला काहीच नाही, नुसता मेंग लानफांगच्या टेबलाभोवती फिरून खाली आला. सत्तरला आधी चिखल आला, मग पुन्हा चिखल, लाओ थोंगने शिट्टी वाजवायला सुरुवात केली, आणि मग तिथूनही तेल आलं. त्या दगडात लोखंडाचा अंश होता. लोखंड वीज जाऊ देतं, म्हणून तारेच्या यंत्राला तो पाण्याचा वाटला होता. आता ती दोघं कुठल्या थरातून जास्त येतं यावर भांडतात.

लग्नात लाओ थोंगला खुर्ची मिळाली. मुख्य टेबलावर, मेंग लानफांगला लागून. वेगळी ठेवली असती तर ओरडणं सगळ्या हॉलला ऐकू गेलं असतं, असं याओयाओचं म्हणणं. दारात दोघांचे फोटो होते, त्याचा रंगीत करून आणलेला, त्यात पोट पूर्ण दिसत होतं. मासा आला तेव्हा मेंग लानफांग म्हणाली जास्त शिजलाय, लाओ थोंग म्हणाला कच्चा आहे. सासऱ्याने गोळी काढली, पण याओयाओने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"असू दे," ती म्हणाली. "दोघंही ठीक आहेत."

शेवटी फोटोवाला, च्यू मावशीचा भाचा, समोर आला. फोटोसाठी दोघं दोन टोकांना जाऊन उभे राहिले होते, ते बघून त्याने हाताने खूण केली. "आईबाबा, जरा सरका. दोघंही मधे या."

लाओ थोंग आणि मेंग लानफांगने एकमेकांकडे पाहिलं.

"मधे नको," दोघं म्हणाले.